कागदावरचा सूर्य

अजून डोकं तापलंय माझं, ऐका. आमच्या चिखलीत समोर टॉवर झालाय ना, त्याचा फोटो काढायला बिल्डरचा माणूस आमच्या गच्चीवर आला. कॅमेरा पिशवीतच, आणि हा पेन्सिलीनं चित्र काढत बसलेला! मी डोकावलेच. टॉवर हुबेहूब, पण माझ्या कपड्यांच्या दोरीच्या जागी झाड.

"हे झाड कुठलं रे?"

"ते नंतर कॉम्प्युटरवर टाकणार, काकू. फोटोत काय कुठं येणार ते आधी कागदावर ठरवतो. दुपारी टॉवरच्या तोंडावर ऊन आलं की फोटो," म्हणत त्यानं कोपऱ्यात सूर्य काढला. "तेवढे कपडे काढून घ्या."

माझं टाळकंच सरकलं. "अरे, सकाळचं ऊन तुझ्या टॉवरनं अडवलंय. आम्हाला दुपारीच काय ते मिळतं. ह्यांचा कंपनीचा युनिफॉर्म रात्रपाळीच्या आत वाळवू कुठं?"

"आजचा दिवस ॲडजस्ट करा ना."

"करते की! तुझ्या ह्या सूर्यावर घालते वाळत!"

पोरानं रबर घेतलं, झाड पुसलं आणि तिथं माझ्या दोरीचं चित्र काढलं, युनिफॉर्मसकट.

मग दिला मी त्याला चहा. पण बिनसाखरेचा.