पुस्तिकेतलं पान नऊ

कारकून : छापखानेवाल्यांची मुलगी ना तू? नवी पोस्टरं आणलीस वाटतं. ठेव त्या खुर्चीवर, जुन्या गठ्ठ्यांवरच.

मुलगी : पोस्टरं नाहीत, काका. तक्रार द्यायची आहे.

कारकून : इथे? अगं, हे बालसंरक्षण कार्यालय आहे.

मुलगी : म्हणूनच आले. सोळा वर्षांची आहे मी.

कारकून : बरं. कुणाविरुद्ध?

मुलगी : बाबांविरुद्ध.

कारकून : काहीतरीच काय. देवमाणूस तो. भिंतीवरचं ते 'मारू नका, समजून घ्या' त्यांनीच छापलंय.

मुलगी : प्रुफं मी तपासली. गेल्या वर्षी त्यात मदतीचा फोन नंबर चुकला. शेवटचे दोन आकडे उलटे पडले. सगळं छापून झाल्यावर दिसलं. कार्यालयाला कळवूया म्हटलं, तर बाबांनी कागद कापायची लोखंडी पट्टी उचलली. काल नवे गठ्ठे निघाले, तोच नंबर. मी पुन्हा बोलले.

कारकून : थांब, थांब. नंबर चुकलाय?

मुलगी : मी पट्टीचं सांगत होते.

कारकून : हो, तेही ऐकतोय. पण अगं, वर्षभरात फोनवर एकही तक्रार नाही म्हणून आम्हाला ढाल मिळाली. ती बघ, कपाटावर.

मुलगी : मी लावून पाहिला तो नंबर. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांना लागतो. म्हणाले, आठवड्याला दोन-तीन पोरं रडत फोन करतात. काय करणार, ऐकून घेतो.

(मुलगी बाही वर करते.)

कारकून : अरे देवा. हे वळ नुसते कालचे नाहीत.

मुलगी : नाही. पिवळे पडलेत ते मागच्या महिन्याचे.

कारकून : हे बघ पोरी, बापाने मारलं नि पावसाने झोडपलं, तर दाद मागायची कुणाकडे?

मुलगी : तुमच्याकडे. बाहेर पाटी आहे तशी.

कारकून : तसं नव्हे गं. घरातलं घरात मिटलेलं बरं. मी त्यांना फोन करतो, समोरासमोर बसवतो, चार समजुतीचे शब्द…

मुलगी : फोन ठेवा, काका. पान नऊ.

कारकून : कसलं पान?

मुलगी : तुमच्याच पुस्तिकेचं. तुम्ही तिच्यावर कप ठेवलाय. 'ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला मूल आल्याचं कळवू नये. अधिकाऱ्यांना लगेच बोलवावं. घरी जायची भीती असेल, तर त्याच दिवशी सुरक्षित जागी सोय करावी.'

कारकून : पाठ केलंस की काय?

मुलगी : आमच्याकडेच छापतात ती. तीनदा तपासलंय. चूक राहिली की पट्टी.

कारकून : खरं सांगू? सात वर्षं वाटतोय ही पुस्तिका. उघडली नाही कधी.

मुलगी : दिसतंय. पानं चिकटलीत.

कारकून : पण दुपारी ते स्वतः गठ्ठे घेऊन यायचेत.

मुलगी : म्हणून सकाळी आले. आता घरी गेले, तर परत येता येणार नाही मला.

कारकून : अधिकारी मॅडमना फोन लावतो. त्यांचा नंबर मला तोंडपाठ आहे, छापलेला नाही. हॅलो, मॅडम? एक मुलगी आली आहे, सोळा वर्षांची. वडिलांनी मारलंय, वळ आहेत. नाही, घरी कळवलं नाही. कळवायचं नसतं, मॅडम, पान नऊ. हो, आज तिची सोय लागेल. या लगेच… निघाल्या. तुझे बाबा आले तर गठ्ठे मी दारातच उतरवून घेतो, आत येऊ देत नाही. आता पुढे काय करायचं असतं?

मुलगी : पुढचं नाही, आधीचं राहिलंय. पान आठ, पहिली ओळ.

कारकून : वाच तूच.

मुलगी : 'मूल आलं की आधी त्याला बसायला सांगावं.'

कारकून : … थांब, ही पोस्टरं खाली ठेवतो. बस, बाळा.