सैल कापड

(गेवराईचा बाजार. रहीमचाचांचा केळ्यांचा गाडा. शेजारचं शिलाईचं दुकान बंद.)

स्वप्नाली : …आणि बाबांना पोचवायला स्मशानातही आला नाहीत, चाचा.

रहीम : कसा येणार? तुझ्या भावानं, आदिनाथनं, चारचौघांत 'निघा इथनं' म्हणून सांगितलं. पोरगं चुकलं न्हाई. बाप अंगणात कफनात निजलेला, अन् मी काय बोललो?

स्वप्नाली : 'बंकट, कापड लई सैल झालंय. माप कुणी घेतलं?'

रहीम : नको ना बेटा. तोंडातनं निघून गेलं. त्याची मशीन न् माझा गाडा, उभा जन्म शेजारी. दिवसभर आमी असंच बोलायचो.

स्वप्नाली : आज कॉलेजात मला तेच शिकवायचं होतं. इंग्रजीत त्याला 'डार्क ह्युमर' म्हणतात.

रहीम : म्हंजी?

स्वप्नाली : मरण, आजारपण, ज्याच्यावर हसू नये म्हणतात, त्याच्यावरचा विनोद. मी फळ्यावर अर्थ लिहिला. पोरं म्हणाली, मॅडम, उदाहरण द्या. पुस्तकातलं एकही आठवेना. मग बाबांचंच सांगितलं. कॅन्सरनं वाळत चालले, तेव्हा कमरेला टेप लावून म्हणायचे ना, 'दोन इंच गेलो. ऱ्हायलेला शनवारी जातो.'

रहीम : अन् मी म्हणलो, शनवारी नको, निकाहाची दावत हाय. आयतवारी जा! …कावून सांगितलंस पोरांना?

स्वप्नाली : पोरं हसली. एक मुलगी तेवढी हसली नाही. तिची आई दवाखान्यात आहे. म्हणाली, मॅडम, हे बोलायचं कुणी असतं?

रहीम : मग?

स्वप्नाली : म्हटलं, ज्याचं दुखतंय त्यानं. नाहीतर ज्याला त्यानं जवळ बसवलंय, त्यानं.

रहीम : मला तर त्यानंच बसवलं होतं.

स्वप्नाली : हो. पण त्या दिवशी ते सांगायला बाबा नव्हते. आदिनाथला वाटलं, तुम्ही त्यांना हसलात.

रहीम : अन् तुला?

स्वप्नाली : मला हसू आलं, चाचा. ओढणी तोंडात कोंबली. बायकांना वाटलं, रडतेय. पाठीवर हात फिरवत बसल्या.

रहीम : या अल्ला.

स्वप्नाली : घरी चला. आईनं बोलावलंय. कुणी मोठ्यानं बोलतच नाही तिच्याशी, सगळे कुजबुजतात.

रहीम : आदिनाथ?

स्वप्नाली : काल पुण्याला गेला.

रहीम : माझं काय बोलला का?

स्वप्नाली : नाही. अजून तरी नाही.

रहीम : …येतो. गाडा झाकून येतो. पण हसवायला सांगू नको. आता सुचत न्हाई.

स्वप्नाली : का?

रहीम : अर्धं त्याचं असायचं.

स्वप्नाली : मग दिवसभर करता काय?

रहीम : गिऱ्हाईक नसलं की त्या शटरकडं बघून 'काय बे' म्हणतो.