दोनदा हॉर्न

— नाही नाही, त्या भिंतीजवळच्या खुर्चीत नको ताई, तिचा पाय हलतो, इकडे खिडकीशी बसा. आणि तो आवाज टीव्हीचा नाही हो, गेमचा आहे. ट्रकचं इंजिन. तुमचा भाऊ ट्रक चालवतोय आत. हसा, हसा — मीही आधी हसलेच होते, वय काय आणि खेळतात काय. पण व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा ना, त्यानंच सुचवलं. म्हणाला, रबरी चेंडू दाबून कंटाळतात हे, त्यापेक्षा व्हिडिओ गेम द्या, बोटं आपोआप चालतील. आणि चाललीच की. झटका आला तेव्हा उजव्या हातात चमचा धरवत नव्हता, तोंडातून शब्द फुटत नव्हता — शब्द अजूनही फुटत नाही, ते सोडा — पण हात बघाल तर थक्क व्हाल. बघाल म्हणजे, नंतर कधीतरी. आत्ता खेळ रंगात आलाय, मध्ये कुणी गेलं की बिथरतात.

चहा घ्या ना, गार होतोय. काय सांगत होते मी? हां, फायदे. लोक उगाच नावं ठेवतात गेमला. मी तर म्हणते, औषधानं झालं नाही ते यानं झालं. नजर स्थिर झाली. रस्ते लक्षात राहायला लागले — आधी मोरीचं दार दाखवावं लागायचं, आता त्या गेममधला बर्फाचा घाट न चुकता उतरतात. आणि इंडिकेटर देतात हं वळताना! समोर चिटपाखरू नसतं, तरी. जन्मभर लोकांना गाडी शिकवली, जाते कुठे सवय. राग गेला ते वेगळंच. केवढा राग होता ताई, तुम्हाला काय ठाऊक, तुमच्यापुढे गरीब गाय. घरात कधी पाय टिकला नाही — सकाळी शिकाऊ, संध्याकाळी शिकाऊ, आणि सुट्टी आली की ताईकडे. प्रत्येक सुट्टीला ताईकडे. मी काही म्हणायचे नाही, भाऊ-बहीण आहेत, आपण कोण मध्ये बोलणार. आता बघा — दिवसभर घरात. माझ्या नजरेसमोर. याहून मोठा फायदा कोणता, तुम्हीच सांगा.

कडी होय? ती पडतील म्हणून लावते हो बाहेरून, उठायला बघतात कधी कधी. मदतीला बाई ठेवली होती तिनंही हेच विचारलं, तोंड वर करून. दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हटलं तिला. व्यायामवाल्यालाही म्हटलं, आता गेम आहे, तुमची काय गरज. आजाऱ्याचं एकाच माणसानं करावं, जास्त हात लागले की हेळसांड होते. त्यांचा फोन ना, तो पाण्यात पडला. नवा घेऊन करायचंय काय — बोलता कुठे येतंय त्यांना. तुमचे निरोप मी सांगते की. झोपलेत म्हणाले असेन प्रत्येक वेळी, तर झोपलेले असतील. आजारी माणूस झोपणारच.

आणि एकटे नाही खेळत ते, गैरसमज नको. एकट्यानं खेळायला लागले तेव्हा चार दिवसांत कंटाळले, हातातलं फेकून द्यायचे. मग कळलं की त्यात दोघांना खेळता येतं, आपापल्या घरी बसून. इथून एक ट्रक, दुसऱ्याच्या घरून दुसरा, दोघांनी मिळून माल पोचवायचा. जोडीदार मिळाला आणि ताई, चेहराच पालटला. सकाळी उठले की बोटानं गेमचा पडदा दाखवतात, लाव म्हणून. जोडीदार कोण — आहे एक. ओळखीचंच. अहो, माणसाला आपलं कुणी पलीकडे आहे एवढं वाटलं की पुरतं, खरंच कोण आहे याला काय महत्त्व? मी स्वयंपाकघरात बसून खेळते, माझ्या फोनवर. भाजी चिरता चिरता शिकले. त्यांना वाटतं तुम्ही आहात.

असं काय बघता? पडद्यावर गाडीच्या डोक्यावर नाव येतं, तिथे मी ‘ताई’ घातलं, एवढंच. माझं नाव घातलं असतं तर खेळले असते का? आधी घालूनच पाहिलं होतं. गाडी पुढेच नेली नाही. ‘ताई’ दिसलं आणि रडले हो. हसले आणि रडले. मग पहिली गोष्ट काय केली — दोनदा हॉर्न. मला लगेच कळलं, लग्न झाल्यावर त्यांनीच सांगितलं होतं मला. लहानपणी तुमच्या दोघांच्या खोल्यांच्या मध्ये एक भिंत होती ना? हे घाबरले की भिंतीवर दोनदा ठोकायचे, ये म्हणून. तुम्ही एकदा ठोकायचात — आले. आणि यायचात. तर मी एकदा हॉर्न दिला. काय बिघडलं? माणूस शांत झाला. आता रोज तेच. घाटाखाली पुलापाशी थांबतात, दोनदा वाजवतात, मी एकदा वाजवते, आणि मग दाराकडे बघत बसतात थोडा वेळ. फटीतून दिसतं मला. थोडाच वेळ. मग चालवायला लागतात परत.

त्यात एक तयार बटण आहे, ‘मदत पाठवा’ म्हणून, गाडी चिखलात रुतली की दाबायचं. हे रस्त्यावर चांगली चालती गाडी असताना दाबतात. तेच तेच दाबतात. शेवटी मला लिहावंच लागलं, तुमच्या नावानं — यायला जमणार नाही, तू बायकोचं ऐक, तिच्याइतकं तुझं कुणी करणार नाही. खोटं काय आहे त्यात? वाचलं त्यांनी. इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसले, जेवलेसुद्धा नाहीत. पण सावरले हं. माणूस सावरतो. गेमनं तेवढं शिकवलं, हरलं तरी पुन्हा सुरू करायचं.

नाही. नेणार वगैरे काही नाही. तुमच्या घरी काय नेणार? तुम्हाला त्यांचं पथ्य माहीत आहे? कुशीवर कसं वळवायचं माहीत आहे? दर सुट्टीला नेलंत तेवढं पुरे झालं. आत्ता कुठे मला नवरा मिळालाय, ताई, आत्ता कुठे — माझा आवाज चढला का? चढला असेल. ताई ताई म्हणून ओरडले असेन. बसा तुम्ही.

इंजिन थांबलं वाटतं.

गेम बंद करत नाहीत ते असे मध्येच. कधीच नाही. माल उतरवत असतील. किंवा — काही नाही, भिंतीवर काहीतरी आपटलं. शेजारी काम चाललंय त्यांचं. दोनदा कुठे, एकदाच वाजलं. बरं, दोनदा. म्हणून काय झालं? तुम्ही उठलात कशाला, त्या खुर्चीकडे नको म्हटलं ना, पाय हलतो तिचा — हे बघा, तुमची पर्स घ्या, चहा राहू द्या, निघा तुम्ही, मी कळवते नंतर. ताई. भिंतीवरचा हात काढा. ठोकू नका. ताई, तुम्हाला हात जोडते, एकदासुद्धा —