कमी ऐकू येतं, असं लिहून द्या

नॉर्मल कसं असेल, मॅडम? हिला आत बोलवून परत एकदा तपासा ना. मशीन बिघडलं असेल — तुमच्यावर शंका नाही हो, पण मशीनच ते. बारा वर्षं संसार केलाय मी हिच्याबरोबर. समोर बसून बोलतोय, बोलतोय, आणि ही खिडकीच्या गजाकडे बघत बसलेली. 'अगं, ऐकतेयस ना?' — शून्य. टाळी वाजवा, टेबलावर थाप मारा — शून्य. मग मध्येच कधीतरी पापणी हलते आणि म्हणते, 'काही म्हणालास?' आणि तुमचा हा कागद म्हणतो, दोन्ही कान उत्तम! उत्तम म्हणे.

हो, मानसोपचारवाल्या डॉक्टरांनाही दाखवलं, गेल्या आठवड्यात. ते म्हणाले ऑटिझम. छत्तिसाव्या वर्षी! मी म्हटलं, डॉक्टर, ही पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढते, एक रेघ चुकलेली दाखवा. तर म्हणाले, असं नेटकं काम करणारे त्यातही असतात. आवाज फार झाले, माणसं फार झाली की हिचं मन आतून कडी लावतं, मुद्दाम नाही, बाहेरची हाक पोचतच नाही. आणि आत काय असतं? विचारलं ना मी. गाव आहे म्हणे! तिसरीत असल्यापासून बांधतेय. टेकडीवर टाकी, उतारावर एक शिंपी, त्याची लंगडी मांजर, गल्लीगल्लीला नाव. सांगताना चेहरा असा काही खुलतो — मी तो चेहरा एरवी बघितलेला नाही, मॅडम. म्हटलं, मी आहे का गं त्या गावात? 'नाही,' म्हणाली. खोटं बोलता येत नाही, हा आणखी एक ताप. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, आहेस की, कोपऱ्यावरच्या घरात. हसू नका हो.

आता हे मी बहिणींना कसं सांगू? तीन आठवड्यांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. चाळीस मिनिटं हाका मारत होती, आणि ही पलीकडच्या खोलीत, मध्ये एक भिंत, खुर्चीत बसलेली. सकाळपासून घरात पाहुणे, पोरांची किंचाळी, मिक्सर, टीव्ही — ते गेले आणि ही जी बसली ती बसलीच. थोरली बहीण दवाखान्याच्या जिन्यात चारचौघांसमोर म्हणाली, 'सासू मरायची वाट बघत बसली होतीस!' त्यावर माणसाने रडावं, भांडावं. ही म्हणते, 'नाही, मी गावात होते.' कपाळावर हात मारला मी!

म्हणून म्हणतो, दोन ओळी लिहा. कमी ऐकू येतं, एवढंच. बहिरेपण लोकांना कळतं हो. कानात मशीन दिसलं की तोंडं बंद होतात. डोक्यात गाव आहे, हे मी कोणाच्या गळी उतरवू?

काय? मी कुठे होतो?

घरीच. आतल्या खोलीत, आडवा झालो होतो जरा — पाहुण्यांनी डोकं उठवलं होतं. झोप... नाही, झोप नव्हती लागली. म्हणजे पहिली हाक आली ती कानावर. वाटलं, ही जाईल. दुसरी आली, वाटलं, गेलीच असेल. अहो, आई टॉवेल राहिला तरी तशीच हाका मारते! मग थांबेचनात तेव्हा राग आला — हिचा. म्हटलं, आज मी उठणारच नाही, बघू किती वेळ बसते. चाळीस मिनिटं, ती मीच मोजली. घड्याळ समोर होतं. आणि आई — आई हिला हाक मारतच नव्हती, मॅडम. माझं लहानपणचं नाव घेत होती.

शेवटी धावली ती हीच. भानावर आली आणि धावली. आई एकटीला उचलवेना म्हणून मला बोलवायला आली, तर मी जागा, डोळे उघडे. तिने विचारलं, 'तुला ऐकू आलं नाही का?' टोमणा नव्हता, तिला टोमणे मारताच येत नाहीत. खरंच विचारत होती. मी म्हटलं, नाही. आणि तिने ते खरं मानलं! कोणाला काही बोलली नाही. बहिणीने जिन्यात एवढं सुनावलं तरी माझं नाव काढलं नाही. तेव्हापासून माझ्याशी मात्र मोठ्याने बोलतेय — समोर येऊन, तोंडाकडे बघून, एकेक शब्द सुटा करून. मला वाटलं, हे नवीन काय खूळ.

तुम्ही हे लिहीत नाही ना? ठेवा ते पेन.

पुढचा नंबर माझा म्हणालात? नाही, चुकतंय तुमचं, मी नाव नोंदवलेलंच नाही. दाखवा बघू ती वही. ...अक्षर तिचंच आहे. दोघांची नावं दिलीत तिने. माझ्यापुढे 'हाक ऐकू येत नाही' असं —

नाही. मी नाही बसणार त्या काचेच्या खोलीत. काढा ते हेडफोन इथून. कागद द्या तो — हो, नॉर्मलच असू दे, काही बदलू नका. आणि तिला आत बोलवू नका, ऐकताय ना? मीच जातो बाहेर.