काकांची छर्ऱ्याची बंदूक

रुआबांध्यात राहणाऱ्या आमच्या काकांची बंदूक तुम्ही पाहिलीच नाही! स्प्रिंगवर चालणारी, जुनी जर्मन, छर्ऱ्याची. तशी आता मिळत नाही, म्हणून काका तिला तेल लावून पुसत बसतात. चालवत मात्र कधीच नाहीत.

त्यांच्या मुलीला, आमच्या ताईला, बघायला दुर्गचे पाहुणे आले, तेव्हा काकांनी मोठ्या कौतुकानं बंदूक व्हरांड्यात आणून दाखवली. मुलाचे वडील हसले. "चालते का, की नुसती शोभेचीच?"

"चालते न! पण स्प्रिंग तुटली, तर दुसरी कुठून आणू?"

"मंग काय कामाची?"

काकांचा चेहराच उतरला. आता काका काहीतरी बोलतात अन् सोयरीक मोडते, असं मला वाटलं. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. तिनं ट्रे ठेवला, काकांच्या हातून बंदूक घेतली, नळी वाकवून स्प्रिंग ताणली, छर्रा भरला आणि कुंपणावरचा रिकामा डबा उडवला.

काका ओरडले, "तू हे कवा शिकली?"

"बाबा, तुमी ड्यूटीवर राहता तवा."

मुलाच्या आईनं शांतपणे कप उचलला आणि ती म्हणाली, "पोरगी आमाले पसंत आहे. बंदूक तेवढी इथंच राहू द्या."