अर्धं पॅडल

पंक्चर निघेपर्यंत शिक्षिकाबाईंनी बाकावर बसून पेपर उघडला खरा, पण कान शेजारच्या जुन्या मोटारीकडेच होते. बायकोला स्टिअरिंगपाशी बसवून गाडीचे म्हातारे मालक मिस्त्रीला सांगत होते,

“कार्बोरेटर बदलल्यापासून पुढचा गिअर आपोआप पडतो, पण फार उशिरा. तोवर इंजिन नुसतं बोंबलत राहतं.”

“ॲक्सिलरेटरच्या पॅडलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी ही सळई कोणी बसवली, काका?”

“मीच. आमची ही आत बसून पॅडल दाबत होती.”

“तळापर्यंत? सळईचं माप तर अर्ध्या पॅडलचं दिसतंय, म्हणूनच गिअर उशिरा पडतो.”

“अगं, पूर्ण दाब म्हणून घसा फोडून सांगत होतो ना मी!”

“तुमचा हात होता त्या सळईपाशी.”

“इंजिन बंद होतं!”

“असेना का. हात होता ना?”

“तीन रविवार घालवले मी या सळईपायी!”

“घालवा अजून तीन. दहाच्या दहा बोटं आहेत ना जागेवर?”

“बरं काकू, नट ढिला केलाय. आता सळई मी धरतो, तुम्ही दाबा.”

पॅडल खाडकन तळाला आपटलं.

“बघितलंत मिस्त्री? तुमच्या हाताचं हिला काही म्हणजे काही नाही!”