कुलूपबंद गाणं

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे एक वयस्क जोडपं होतं. काकूंनी दुकानदारापुढे गाण्यांची नवीकोरी डिस्क ठेवली.

"आमच्या गायनमंडळाची आहे. यात मीही गायलेय. संध्याकाळी मैत्रिणीकडे सगळ्यांना ऐकवायचीय, पण तिचा कॉम्प्युटर डिस्क घेतच नाही."

"डिस्क चांगली आहे, काकू. कोणी कॉपी करू नये म्हणून कंपनीने कुलूप घातलंय. साध्या प्लेअरवरच वाजेल."

"अहो, पण विकत घेतलीय. पावती आहे."

"कॉम्प्युटरला पावती कुठे वाचता येते?"

"म्हणजे चोरीची आणली असती तर वाजली असती?"

"कुठेही वाजली असती."

"घ्या. आवाज माझा आणि बंदीही मलाच."

"घरचा प्लेअर न्या की तिकडे."

"तो उचलायला दोन माणसं लागतात," काका म्हणाले. "म्हणून काल ही बाहेर गेली तेव्हा मी त्याच्यापुढे मोबाइल धरून गाणं भरून घेतलं. मध्ये जरा खरखर आलीय, तेवढी काढून द्या."

"मला सांगितलं नाहीत ते?"

दुकानदाराने मोबाइल लावला. गाणं रंगात आलं आणि मध्येच काकांचा आवाज आला, "वा, काय सूर लावलाय आमच्या हिने."

"हीच ती खरखर," काका घाईने म्हणाले.

"चाळीस वर्षं मला नुसतं 'बरं होतं' म्हणताय."

"मग काढू का, काकू?"

"ते राहू द्या. हवं तर गाणं काढा."